माश्या घटल्या, पण मोहोळ वाढत होतं

मधमाश्यांचा थवा पेटीत घातल्याला १८ दिवस झाले होते. झाकण उचललं आणि पोटात धस्स झालं. पहिल्या दिवशी पट्ट्यांखाली माश्यांचा भरगच्च घोस लोंबत होता. आता पाच पोळी झाली होती, पण त्यांच्या कडा उघड्या पडल्या होत्या. आई वही घेऊन शेजारी उभी होती. तिनेही पाहिलं. "माश्या कमी झाल्यात का गं?"

झाल्या होत्या.

आमची पेटी टॉप बार. तिच्यात चौकटी नाहीत. ३५ मिलिमीटर रुंदीच्या लाकडी पट्ट्या एकीला एक लावून ठेवायच्या, पट्टीखालचं पोळं माश्या स्वतःच बांधतात. त्यामुळे वाढ बघायची म्हणजे पोळी मोजायची, असं मी धरून चालले होते. वहीत तेवढंच होतं: चौथा दिवस, दोन पोळी, अकरावा दिवस, चार.

घरी येऊन पुन्हा हिशेब मांडला. मेलिफेरा, म्हणजे युरोपीय जातीची कामकरी माशी अंड्यापासून बाहेर पडायला २१ दिवस घेते. तीन दिवस अंडं, सहाएक दिवस अळी, मग १२ दिवस मेणाच्या झाकणाखाली. राणीने पहिल्या दोन-तीन दिवसांत अंडी घातली असली, तरी नवी माशी तीन आठवड्यांच्या आत दिसणार नाही. तोवर थव्यातल्या जुन्या माश्या रोज मरत राहणार. हंगामात राबणाऱ्या माशीचं आयुष्यच जेमतेम सहा आठवड्यांचं. आकडा खाली येणारच होता.

खरी खूण तिसऱ्या पोळ्यात होती. ऊन पाठीवर घेऊन घरांच्या तळाशी पाहिलं, तर एकेका घरात एकेक अंडं, तांदळाच्या कणीहून बारीक. काही तळाशी ताठ उभी, काही पूर्ण आडवी. उभं अंडं ताजं असतं, तिसऱ्या दिवसापर्यंत ते आडवं होतं. राणी मला दिसलीच नाही, पण तिचं काम थांबलेलं नव्हतं. आणि मधोमध फिकट तपकिरी झाकणांचा सलग पट्टा! तो बघून मी आईला हाकच मारली.

त्या दिवसापासून आम्ही झाकलेली पिलं मोजतो. १० सेंटीमीटर लांब-रुंद तुकड्यात एका बाजूला साधारण ४०० घरं बसतात. त्या दिवशी सगळ्या पोळ्यांवर मिळून असे सहा तुकडे भरले, म्हणजे पुढच्या १२ दिवसांत सुमारे २४०० माश्या. पट्ट्यांवर पेन्सिलने क्रमांक घातलेत. पट्टी जागेवरून हलवली तरी तिचा क्रमांक तोच राहतो, नाहीतर वहीचा काही उपयोग नाही.

त्याच दिवशी माझ्या हातून पाचवं पोळं तुटलं. मेण कोवळं, वर दुपारचं ऊन, आणि दुसरी बाजू बघायला मी पट्टी हातात धरून पोळं आडवं केलं. पोळ्याला आधार फक्त वरच्या कडेचा असतो. ते कायम उभंच राहिलं पाहिजे. उलटं करायचं असेल, तर आधी पट्टीचं एक टोक वर न्यायचं आणि पोळं चाकासारखं त्याच्याच पातळीत फिरवायचं. तुटलेल्या पोळ्यातल्या अळ्या गेल्या. मला अजून वाईट वाटतं.

२५व्या दिवशी झाकणं कुरतडली जात होती. एका भोकातून आधी मिशा हलल्या, मग डोकं आलं. फिकट, लव अजून अंगाला चिकटलेली. बाजूच्या माश्या तिच्या अंगावरून खुशाल ये-जा करत होत्या.

मग वाढ अशी धरली की आईला पान पुरेना. दोन सरळ पोळ्यांच्या मध्ये रिकामी पट्टी घातली, तर नवं पोळंही सरळ उतरतं. तसं दोनदा केलं, पेटीतली वापरातली जागा आखणारी आडफळी मागे सरकवली. आज ४६वा दिवस. नऊ पोळी, सहांवर पिलं. सातव्या पट्टीच्या पोळ्याखाली राणीघराच्या, म्हणजे नवी राणी वाढवायच्या घराच्या, दोन वाट्या दिसल्या, दोन्ही रिकाम्या. अंडं पडलं तर आठ-नऊ दिवसांत झाकण बसतं आणि थवा फुटायची, म्हणजे जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन उडून जायची, वेळ येते. म्हणून आईने पुढची तारीख सातव्या दिवसाची लिहिली आहे.