आवाजावरून ओळखायची फोडणी

तीन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवड्यांसाठी स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आले. तोवर माझी मजल चहा, पोहे आणि फार तर मुगाची खिचडी एवढीच होती. आमच्या पुण्याच्या घरात ओटा आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत असल्यामुळे आईला दिवाणावर पडल्यापडल्या दिसत काहीच नसे, मात्र ऐकू सगळे येई. पहिल्याच दिवशी तेलात मोहरी टाकून मी जिऱ्याकडे हात वळवला, तोच बाहेरून आवाज आला, "अरे, अजून तडतडली नाही ती. थांब जरा." मिसळणाच्या डब्यातला चमचा वाजलेला तिने तेवढ्यावरून ओळखला होता.

त्या सहा आठवड्यांत मी प्रामुख्याने आमटी शिकलो आणि आमटीच्या निमित्ताने एक गोष्ट लक्षात आली, ती ही की आपल्या रोजच्या शाकाहारी स्वयंपाकात मसाला किती घातला यापेक्षा तो केव्हा घातला याला अधिक किंमत असते. चार माणसांच्या आमटीला एक वाटी तुरीची डाळ, दोन चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, तेवढेच जिरे, चिमूटभर हिंग, पाव चमचा हळद आणि सात-आठ कढीपत्त्याची पाने एवढेच लागते. यातले काहीही दुप्पट केले तरी चुकलेली वेळ भरून निघत नाही.

मोहरीच्या दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन साल फुटते तेव्हा ती तडतडते. न फुटलेली मोहरी दाताखाली कडसर लागते, म्हणून तिला आधी संधी द्यायची. सुरुवातीला एखाद-दुसरा दाणा उडतो, मग एकदम सरी आल्यासारखा आवाज होतो आणि तो ओसरू लागला की जिरे घालायचे. ते काही सेकंदांतच तांबूस होते. त्यानंतर आच मंद करून हिंग आणि कढीपत्ता घालायचा. हळद सगळ्यात शेवटी, आणि तिच्या पाठोपाठ लगेच शिजलेली डाळ. हळदीचा रंग तेलात चांगला उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही, त्यामुळे ती फोडणीतच पडायला हवी. पण तापलेल्या तेलात ती क्षणभर जास्त राहिली तर तपकिरी होऊन कडवट होते. पहिल्या आठवड्यात माझी आमटी दोनदा मातकट रंगाची झाली, कारण हळद घातल्यावर मी डाळीचा कुकर उघडायला वळलो होतो. तेव्हापासून घोटलेली डाळ ओट्यावर तयार असल्याशिवाय मी तेल तापायला ठेवत नाही.

हिंगाबद्दल थोडे सांगायलाच हवे. कच्चा हिंग नाकाशी धरवत नाही, परंतु तोच तेलात पडला की कांदा-लसणीच्या जवळ जाणारा वास देतो, आणि ज्या घरांत कांदा-लसूण वर्ज्य असते तिथे आमटीला खमंगपणा येतो तो याच्यामुळे. हा एका झुडपाच्या मुळातून निघणारा चीक असून आपल्याकडे तो मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियातून येतो. इतका हिंग खाणाऱ्या आपल्या देशात त्याची लागवड मात्र होत नव्हती. पालमपूरच्या संशोधन संस्थेने हिमाचलातील लाहौलच्या खोऱ्यात त्याची रोपे लावली ती 2020 च्या ऑक्टोबरात. बाजारातल्या बांधणी हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेले असते, त्यामुळे डबी बदलली की चिमटीचा अंदाजही बदलावा लागतो. आमच्याकडे नवी डबी आणल्यावर आई आधी तिची ताकाला फोडणी देऊन पाहते.

माझी सर्वांत मोठी फजिती मात्र मसाल्याने नव्हे, चिंचेने केली. एक भांडे वाचवावे म्हणून मी चिंचेचा कोळ डाळीबरोबरच कुकरमध्ये घातला. पाच शिट्ट्या झाल्या, आणखी तीन झाल्या, तरी डाळ कणीदारच राहिली आणि पाणी वर वेगळे तरंगू लागले. डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात सहजी विरघळत नाही, म्हणून डाळ मऊ होत नाही, हे मी नंतर वाचले, आईने त्या दिवशी एवढेच सांगितले, "आधी डाळ शिजू दे, आंबट मागाहून." जड पाण्याचाही असाच त्रास होतो. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी सुरू झाले की डाळीला जादा शिट्ट्या लागतात. त्यामुळे सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ आणि त्याहून किंचित जास्त गूळ हे दोन्ही आता फोडणीत डाळ पडून तिला उकळी आल्यावरच घालतो. चिंच नसेल तर तीन-चार आमसुले चालतात, मात्र मग गूळ थोडा हात राखून घालावा.

गोडा मसालाही याच वेळी पडतो, फोडणीत नाही. तो आधीच तेलावर भाजलेला असल्यामुळे गरम तेलात लगेच करपतो. हा मसाला घरी करावा असे माझे ठाम मत आहे, कारण विकतच्या पाकिटात धणे उदंड आणि दगडफूल नावाला असते. पाव किलो धण्यांना 50 ग्रॅम सुके खोबरे, 50 ग्रॅम तीळ, 25 ग्रॅम जिरे, 10 ग्रॅम दगडफूल आणि दालचिनी, लवंग, नागकेशर, तमालपत्र प्रत्येकी 5 ग्रॅम हे आमच्या घरचे प्रमाण आहे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तीळ तडतडेपर्यंत धणे अजून कच्चेच असतात. दगडफूल हे नावाला फूल. प्रत्यक्षात ती बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढ असते. त्यात वाळूचे कण आणि काड्या असतात, म्हणून ते परातीत पसरून निवडावे लागते. हातात घेतले तर वाळक्या कागदाच्या कपट्यांसारखे हलके लागते, वासही बेताचाच. चमचाभर तेलात टाकताच ते आक्रसते, काळपट होते, आणि पहिल्या पावसात भिजलेल्या जुन्या भिंतीसारखा वास घरभर पसरतो. आमटीला तिचे वळण देतो तो हाच वास. या मसाल्यालाच काळा मसाला म्हणणारीही घरे आहेत, पण सोलापूरकडे काळा मसाला मागितला तर हाती झणझणीत प्रकरण येईल, तेव्हा नावावर जाऊ नये.

भाज्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. भेंडीला मीठ सुरुवातीला घातले की तिला पाणी सुटते आणि तार येते. ते शेवटी घालावे, झाकण ठेवू नये आणि परतताना दोन आमसुले टाकावीत. भेंडीबद्दल माझे एवढेच ज्ञान आहे.

आई आता पुन्हा ओट्याशी उभी राहते, पण आठवड्यातून दोनदा आमटी माझीच असते. मुद्दाम वाटीभर जास्त करतो, कारण दुसऱ्या दिवशी मुरलेल्या आमटीत पाणी वाढवून खळखळून उकळी आणली आणि हळद-तिखट-ओवा घालून भिजवलेल्या कणकेच्या पोळीचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे एकेक करून सोडले की चकोल्या होतात. तुकडे एकदम सोडले तर गोळा होतो. वरून तूप घालायचे, आणि तेही आच बंद केल्यावर.