गाडीला जादा टाकी बसवताना

दोन पंपांमधलं अंतर वाढत जाणाऱ्या रस्त्यांवर नजर सारखी डिझेलच्या काट्याकडे जाते. म्हणून जादा टाकीचा विचार सुरू केला. छतावर कॅन बांधणं सोपं, पण ते मी लगेच बाद केलं. ४० लिटर डिझेलचं वजन साधारण ३४ किलो. ते डोक्यावर घेतलं की गाडी वळणावर झुकते.

आधी खरा खप काढला. पूर्ण सामान लादून, एसी चालू ठेवून, टाकी फुल ते फुल. लांबचं गणित याच आकड्यावर करावं, वर पाचवा हिस्सा राखीव धरावा.

जागा चासीखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, सायलेन्सरपासून लांब निवडली. टाकी पोलादी, आत आडवे पडदे असलेली; नाहीतर ब्रेक मारताना सगळं डिझेल एका बाजूला धावतं.

खरा वेळ गेला ब्रीदरवर, म्हणजे टाकीत हवा ये-जा करू देणाऱ्या नळीवर, आणि तो जायलाच हवा. डिझेल बाहेर गेलं तेवढी हवा आत यायला पाहिजे, नाहीतर टाकीत पोकळी होऊन पंप ओढेनासा होतो. शिवाय डिझेल तापलं की फुगतं: ५० लिटर २० अंशांनी तापले तर पाऊण लिटरहून जास्त वाढतात. म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही. ब्रीदरची नळी भरण्याच्या तोंडापेक्षा उंच नेली, म्हणजे ओढ्यातलं पाणी आत जात नाही. गाडी उलटलीच तर नळी आपोआप बंद करणारा व्हॉल्वही बसवून घेतला. त्यात काटकसर करायचा प्रश्नच नव्हता.

एका गॅरेजमध्ये जुनी टाकी वेल्डिंग करून देतो म्हणाले. मी साफ नकार दिला. इंधन राहून गेलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. आमची टाकी नवी होती. इंधन घालण्याआधी हलक्या दाबाची हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून गळती आहे का ते पाहिलं.

जादा टाकीतलं डिझेल पंपाने मुख्य टाकीत येतं. मुख्य टाकी निम्म्यावर आल्याशिवाय तो पंप चालू करत नाही, म्हणजे मुख्य टाकी ओसंडत नाही. वाढीव वजन गाडीच्या मर्यादेत बसतं हे तपासून नोंदणी कार्यालयाची परवानगी घेतली, विमा कंपनीलाही लेखी कळवलं.

पेट्रोलच्या गाडीत मात्र मी हे असं करणार नाही. डिझेलची पेट घेण्याजोगी वाफ साधारणपणे पन्नास अंशांच्या वर तयार होते, पेट्रोलची शून्याखाली चाळीस अंशांनाही होते. तिथे कंपनीनेच दिलेली मोठी टाकी असेल तरच.

पहिल्या खडबडीत रस्त्यानंतर दोन क्लिपा सैल झालेल्या दिसल्या. त्या आवळल्या, आणि आता दर मुक्कामाला टॉर्च घेऊन खाली वाकून जोड बघतो.