दापोली ते रत्नागिरी : सायकलींनी दोन खाड्या ओलांडताना

बंद पडलेल्या लोहमार्गाचे रूळ काढून केलेले सायकलमार्ग परदेशात नवख्यांनाही झेपतात, कारण आगगाडीला तीव्र चढ चालत नाही. कोकण रेल्वे १९९८पासून पूर्ण लांबीवर धावते आहे आणि तिच्यासाठी बोगदे खोदून, दऱ्यांवर पूल बांधून चढ १५० मीटरला एक मीटर इतका सौम्य ठेवला आहे. आम्हा नऊ जणांना मात्र किनाऱ्याच्या रस्त्याने जायचे होते, आणि तो रस्ता प्रत्येक खाडीपाशी उतरून पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढतो.

डिसेंबरातल्या एका पहाटे दापोलीहून निघालो. दाभोळचा उतार सुखाचा वाटला, तरी ब्रेक सतत दाबून ठेवल्याने मनगटे भरून आली. वाशिष्ठीच्या खाडीवर फेरीबोट लागते. तिच्या ओल्या लोखंडी उतारावर चाक घसरते, म्हणून सायकली हातात धरूनच चढवल्या.

धोपाव्याला उतरताच चढ सुरू झाला आणि आमचा गट फुटला. दमदार मंडळी पुढे निघून गेली, मी आणि दोघे मागे राहिलो, आणि जांभ्याच्या उघड्या सड्यावर माझे मागचे चाक पंक्चर झाले. जादा ट्यूब आणि पंप पुढच्यांच्या पिशवीत होते, मोबाइलला रेंज नव्हती. ते परत येईपर्यंत पाऊण तास उन्हात काढला. त्यांचा मला राग आला नाही. सामान कोणाकडे असावे हे निघण्यापूर्वी आम्ही कोणीच ठरवले नव्हते.

त्या रात्री गुहागरला आम्ही शांतपणे बोललो. सर्वांत सावकाश चालवणाऱ्याने पुढे राहायचे, दुरुस्तीचे सामान सर्वांत मागच्याकडे द्यायचे आणि प्रत्येक फाट्यावर नऊ जण मोजल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे ठरले. पुढे राहण्याचे काम माझ्याकडे आले.

दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला पोहोचलो आणि शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरलो. तिथला चढ कालच्यासारखाच खडा होता, पण माझ्या गतीने सगळे चढले आणि कोणाला पायउतार व्हावे लागले नाही. केशवसुतांच्या मालगुंडात थोडे थांबलो. गणपतीपुळ्यानंतर आरे-वारेच्या माथ्यावर उजव्या हाताला समुद्र एकदम उघडला, तेव्हा मागे वळून मी पुन्हा माणसे मोजली. नऊच्या नऊ होती.