त्या ओळीला मी थांबायचे

बाबू जुलैमध्ये गेला, लावणी अर्धी राहिलेली. चार दिवस ताप होता आणि सारखा म्हणायचा ताई पोटऱ्या फुटतायत गं नुसत्या. आता लावणीच्या दिवसांत आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला पोटऱ्या कोणाच्या दुखत नाहीत, दिवसभर वाकून चिखलात उभं राहायचं म्हटल्यावर सगळ्यांच्याच दुखतात, म्हणून आईने तेल गरम करून चोळलं आणि मी तापाची गोळी दिली. पाचव्या दिवशी डोळे लालभडक झाले, लघवी बंद झाली, मग गाडी करून गोव्याला नेला. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. किडनीवर गेलेलं. तिथे तिसऱ्या दिवशी पहाटे गेला, 31 वर्षांचा होता.

नंतर त्याचं कपाट आवरताना डॉक्सीची, म्हणजे लेप्टो होऊ नये म्हणून घ्यायच्या डॉक्सीसायक्लिन गोळ्यांची, स्ट्रिप सापडली. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई दरवर्षी लावणीच्या आधी घरोघर देऊन जातात, आठवड्यातून एकदा जेवणानंतर घ्यायची. एकच गोळी कमी होती त्यातली. ती स्ट्रिप अजून माझ्याकडे आहे, टाकवत नाही. (शेतात उतरणारे कोणी हे वाचत असाल तर प्लीज घ्या हो त्या गोळ्या. उंदराच्या लघवीतून ते पाण्यात येतं आणि पायाला साधी चीर असली तरी अंगात शिरतं. आणि ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर लावणीमुळे असेल म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.)

तर मुद्दा हा की त्या दिवसांत घरी जो येईल तो एकच वाक्य बोलायचा, प्रभूची इच्छा. आमची चर्चची मंडळी लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, सगळे मायेनेच बोलत होते, मला माहितीये. पण मी आत जाऊन ती स्ट्रिप हातात घेऊन बसायचे आणि विचार करायचे की यातली नेमकी कुठली गोष्ट प्रभूची इच्छा होती? गोळ्या घ्यायच्या राहिल्या ती? मी पोटऱ्यांकडे लक्ष दिलं नाही ती? व्हॉट्सॲपवर कोणीतरी थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं वचन पाठवलं, खेद करू नका, आणि खाली हात जोडलेले. मी रागाने बायबल काढून 4 था अध्याय वाचला तर पत्र लिहिणारा पौल नुसतं खेद करू नका म्हणतच नाही, तो म्हणतो ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका. म्हणजे रडायला बंदी नाहीये. अर्धं वचन पाठवलं की केवढा फरक पडतो बघा. मित्र लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, आणि तो तर थोड्याच वेळात त्याला जिवंत उठवणार होता, तरी रडला.

शेजारची काकी बरी वाटायची मला. ती हिंदू, आमची प्रार्थना वगैरे तिला माहीत नाही, पण रोज सकाळी पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा घेऊन यायची आणि "खा गो बाय, देवाक काळजी" एवढंच म्हणून आईच्या बाजूला बसून राहायची. तासभर कधी कधी. काहीच समजवायची नाही.

चर्चला जाणं मी सोडलं नाही, का ते मलाही नीट सांगता येणार नाही. गाणी म्हणता यायची. पेटी सुरू झाली की तोंडातून आपोआप यायचं, त्यात टिळकांचं एखादं असलं की जास्तच. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याच कोकणातले, करजगावचे. 1895 ला बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी बायको-मुलापासून किती वर्षं तुटून राहिले, त्या माणसाने उगाच गोड लिहिलं नसणार असं वाटायचं मला गाताना.

पण प्रभूची प्रार्थना आली की अडायचं. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायचे, "तुझे राज्य येवो" म्हणायचे, आणि "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" आलं की ओठ बंद. मुद्दाम नाही, घसाच आवळायचा. ती ओळ जाईपर्यंत गप्प, मग "आमची रोजची भाकर" पासून परत सुरू. बाजूला आई असायची, तिचा आवाज बसलेला, पण ती पूर्ण म्हणायची, एक शब्द सोडायची नाही. मला तिचा राग यायचा खरं तर. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत कसं म्हणवतं हिला असं वाटायचं. नाताळातसुद्धा मी त्या ओळीला गप्पच होते.

शेवटी फेब्रुवारीत की मार्चमध्ये चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं. मला वाटलं समजवतील. ते म्हणाले मत्तय 26 वाच घरी जाऊन, बस. आता गेथशेमाने, म्हणजे पकडला जायच्या रात्री येशू जिथे प्रार्थना करतो तो भाग, काही मी पहिल्यांदा वाचत नव्हते, दर शुभ शुक्रवारी ऐकतो आपण, पण त्या रात्री वाचताना पहिल्यांदा दिसलं की ते तेच शब्द आहेत. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." शिष्यांना डोंगरावर शिकवलेली ओळ येशूला स्वतःला म्हणायची वेळ आली, तेव्हा आधी म्हणाला हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख आणि मरण, टळून जावो. माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय असंही सांगितलं मित्रांना, आणि मित्र झोपले. तीन वेळा जाऊन प्रार्थना केली त्याने. एकदा म्हणून झालं नाही. आणि मी सात-आठ महिने स्वतःला अविश्वासू समजत होते.

यातून गोळीचं उत्तर मिळालं नाही. ते अजून मिळालेलं नाही आणि कोणी मला देऊही नये. पण ज्याच्याशी मी भांडत होते त्यालाही ती ओळ जड गेली होती, हे कळल्यावर निदान भांडायला तरी त्याच्याचसमोर बसता आलं. रात्री लाईट घालवून सगळं बोलायचे, स्ट्रिपचं पण.

ईस्टरला आमच्याकडे पहाटेची उपासना कबरस्तानात असते. यंदा अंधारातच गेलो, काजूच्या बोंडांचा वास सुटलेला, खाली समुद्राचा आवाज. बाबूची कबर नवीन, जांभ्याचे चिरे अजून लालच आहेत, बाकीच्यांसारखे काळे पडलेले नाहीत. आईने मेणबत्ती लावली, वाऱ्याने दोनदा विझली. प्रभू उठला आहे म्हटलं सगळ्यांनी, गाणं झालं, मग प्रार्थना सुरू झाली. मी माझ्या ओळीची वाट बघत होते आणि ती आली तेव्हा बाजूचा आवाज आला नाही. आई थांबली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तोंडाला पदर लावून नुसती त्या चिऱ्यांकडे बघत होती.

मी तिचा हात धरला आणि ती ओळ म्हटली, तिच्या वाटची.