५० चा काटा: सव्वाशे सीसीवर वेगाचा सराव

मंडळी, ही नोंद एकाच आकड्याबद्दल आहे: ताशी ५० किलोमीटर. हायवेवर हा वेग कुणाच्या लक्षातही येत नाही. पण वळणातून बाहेर पडल्यावर तीस मीटरच्या आत, सव्वाशे सीसीच्या गाडीवर, ठरल्या जागी तो गाठायचा म्हटलं की एकेक मीटर मोजावा लागतो. मला त्या मोजणीचीच गोडी लागली आहे.

जे नव्याने सोबत आलेत त्यांच्यासाठी पार्श्वभूमी. माझा मावसभाऊ, आमचा दादा, लेस्टरला असतो आणि तिथलं मोटरसायकलचं लायसन्स काढतोय. ब्रिटनमध्ये एप्रिल २००९ पासून ही टेस्ट दोन भागांत होते. पहिला भाग, मॉड्यूल १, बंद आवारात. गाडी हाताने ढकलून नीट लावायची, कोनांमधून (रस्त्यावर ठेवतात त्या प्लास्टिकच्या शंकूंमधून) नागमोडी काढायची, आठ काढायचा, अगदी सावकाश चालवून दाखवायची, यू-टर्न घ्यायचा. शेवटी खरा कस. वळणातून यायचं, वेगमापक यंत्रासमोरून किमान ५० ने जायचं आणि परीक्षकाने हात वर करताच इमर्जन्सी ब्रेक. तसंच पुन्हा ५० ने येऊन, पण आता थांबण्याआधी अडथळा हुकवायचा. मोपेडला हा आकडा ३० आहे. दादाच्या ए१ या लायसन्सच्या गटात गाडी १२० ते १२५ सीसीची, ११ किलोवॅटपर्यंतची लागते. म्हणजे आपल्या शाईनसारखीच.

आपल्याकडे नाशिकच्या पेठ रोडला आरटीओत आठ काढला तेव्हा पाय टेकू न देणं हेच कौशल्य होतं. तेही सोपं नाही, मान्य. पण वेगात ये आणि सरळ रेषेत थांबून दाखव, असं कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावर जीव वाचवणारं कौशल्य हे दुसरं आहे, आणि ते टेस्टमध्ये असायला हवं असं माझं ठाम मत आहे. म्हणून दादाच्या निमित्ताने आम्ही इथेच तो सराव मांडला.

जागा दिंडोरीजवळच्या एका मित्राच्या काकांच्या पॅकहाउसचं आवार. काँक्रीट पक्कं, गेट बंद, मध्ये खांब नाही. जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की इथे कंटेनर उभे राहतील, तोवर रविवार सकाळ आमची. निफाडकडची थंडी इथेही जाणवते. दव पडलेलं असेल तर ऊन येऊन काँक्रीट कोरडं होईपर्यंत गाडी स्टँडवर, मग आधी आवार झाडून घ्यायचं. वळणावर धुळीचा पातळ थर असला तरी पुढचं चाक सरकतं. साधारण २० मीटर त्रिज्येचं वळण खडूने आखलंय आणि वळणाच्या शेवटच्या कोनापासून मोजणीच्या जागेपर्यंत ३० मीटर मिळतात.

आता मोजणी. गाडीच्या काट्यावर विसंबून हे काम होत नाही. युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ प्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं. जास्त मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इतकं दाखवलेलं चालतं. म्हणजे खरे ५० असताना काटा ५९ वर गेला तरी तो नियमात बसतो. काटा बरोबर ५० वर ठेवून यंत्रासमोरून गेलेला माणूस प्रत्यक्षात ४६ ने गेलेला असू शकतो. मोबाइलचं जीपीएसही इथे उपयोगाचं नाही. ते बहुतेक फोनवर सेकंदाला एकदाच वेग सांगतं, आणि आमची सगळी धाव पावणेतीन सेकंदांत संपते.

म्हणून व्हिडिओ. मोजणीच्या जागी दोन कोन बरोबर १० मीटर अंतरावर, फोन तिवईवर, दोन्ही कोनांपासून सारखाच लांब, सेकंदाला ६० फ्रेमचं शूटिंग. पुढच्या चाकाचा मध्य पहिल्या कोनासमोर आल्यापासून दुसऱ्यासमोर येईपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. ५० च्या वेगाला सेकंदात १३.९ मीटर जातात, म्हणजे ४३ फ्रेम आल्या तर ५० पार. ४४ आल्या तर ४९. ४६ म्हणजे ४७. या पद्धतीने माझ्या गाडीचा काटा ५४-५५ वर असताना खरे ५० भरतात हे पक्कं झालं. तुमच्या गाडीचं उत्तर वेगळं येईल, मोजून बघा.

आता सगळ्यात आवडता भाग. ३० मीटरमध्ये ३० वरून ५० वर जायचं तर गाडीला सेकंदामागे सेकंदाला २.०६ मीटर इतका सलग पिकप, म्हणजे वेगाची वाढ, लागतो. सव्वाशेच्या गाडीला तो जमतो, पण हातचं फार काही उरत नाही. वळणातून ३० ऐवजी ३४ ने बाहेर पडलं तर हाच आकडा १.७३ वर येतो. नुसते चार किलोमीटर जास्त, आणि इंजिनवरचं ओझं सहाव्या हिश्शाने कमी! झुकाव २० अंशांवरून २४-२५ वर जातो, कोरड्या झाडलेल्या काँक्रीटवर तो अजिबात भीतीदायक नाही. म्हणजे ५० चा वेग सरळ पट्ट्यावर मिळत नाही, तो वळणातून सोबत आणावा लागतो. हे कळल्यापासून आमचा निम्मा वेळ वळणावरच जातो. नजर बाहेर पडायच्या कोनावर, रेस हलकी पण सलग, आणि गाडी उभी होऊ लागली की त्याच क्षणी पूर्ण पीळ.

गियरबद्दल आमच्यात बरीच चर्चा झाली. मित्राचं म्हणणं, मध्ये तिसरा टाकावा, इंजिनला त्रास नको. दोन्ही प्रकारे चालवून फ्रेम मोजल्या. क्लच दाबून गियर पडेपर्यंत ०.४ सेकंद धरला तर ताशी ४० ला साडेचार मीटर विनापिकप जातात. तीसातले साडेचार! तिसऱ्यातच वळण घेतलं तर बाहेर पडताना गाडी ओढतच नाही. वळणाच्या आधीच दुसरा, आणि मोजणीच्या जागेपर्यंत दुसराच, हे आता ठरलं. इंजिन मोठ्याने ओरडतं, ओरडू द्यावं. दोन-तीन सेकंदांनी त्याचं काही बिघडत नाही.

वजनाचाही हिशेब लागतो. मित्र माझ्यापेक्षा बराच हलका, त्याला सहसा एक फ्रेम कमी लागते. आणि एक गोष्ट दादाला फोनवर सांगितली तेव्हा तो खूश झाला: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. इथली हवा विरळ, त्यामुळे इंजिनची ताकद समुद्रसपाटीच्या मानाने पाच-सहा टक्के कमी. जे इथे जमतं ते लेस्टरला थोडं सोपंच पडेल.

पण ५० हवे म्हणून ६० ने येऊ नका. सेकंदामागे सेकंदाला ५ मीटरने वेग कमी होतोय असं धरलं, तर ५० वरून थांबायला सव्वाएकोणीस मीटर लागतात, हात दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा एक सेकंद धरून तेहेतीस. ६० वरून तेच साडेचव्वेचाळीस होतं. दहा किलोमीटरसाठी अकरा मीटर जास्त. आमचं लक्ष्य खरे ५२, म्हणजे ४१-४२ फ्रेम.

ब्रेकचा क्रम असा बसलाय: रेस बंद, पुढचा ब्रेक आधी हलका, गाडीचं वजन पुढच्या चाकावर आलं की जोर वाढवत न्यायचा, मागचा नाममात्र, आणि क्लच अगदी शेवटी. २०१९ पासून आपल्याकडे १२५ पर्यंतच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक येतो, मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. तो चांगलाच आहे, पण फक्त पायावर अवलंबून राहिलं तर थांबायचं अंतर वाढतं. पुढच्या ब्रेकची भीती घालवणं हाच या सरावाचा मोठा फायदा वाटतो. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, यात तडजोड नाही. एका वेळी आवारात एकच गाडी.

सध्याची स्थिती: दुसऱ्या गियरमध्ये, ३४ ने वळण सोडून ४२-४३ फ्रेम सातत्याने येताहेत, आणि थांबताना गाडी रेषेत राहतेय. राहिलाय तो अडथळा हुकवणं. त्यात रेस सोडून, ब्रेक न लावता, हँडलला हलका दाब देऊन गाडी बाजूला न्यायची आणि मगच थांबायचं. आधी ३० ला, मग ४० ला, आणि कंटेनर यायच्या आत ५० ला करायचा विचार आहे. कुणाकडे शंभर-एकशेदहाची गाडी असेल तर ३० मीटरमध्ये तिच्या किती फ्रेम येतात ते नक्की कळवा. बाहेर पडतानाचा वेग आणि चालवणाऱ्याचं वजनही लिहा, म्हणजे तुलना करता येईल.