पंधराव्या मिनिटाची रिकामी जागा

वेस्टर्न ब्लॉट (पेशीतली प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) हातात आला की सगळे पट्ट्या शोधतात. मला भुरळ पडते ती नसलेल्या पट्टीची. उंदराच्या मॅक्रोफेजना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींना, एलपीएस (जिवाणूच्या भिंतीतला रेणू) द्या आणि आयकॅपाबी-अल्फा या प्रथिनाची पट्टी बघा. शून्य मिनिटाला पट्टी ठसठशीत, पंधराव्या मिनिटाला जवळजवळ गायब, तासाभरात पुन्हा हजर, जणू मधे काही घडलंच नाही.

घडलेलं असतं पुष्कळ. बाहेर पेशीच्या टीएलआर४ या संवेदकाला जिवाणूच्या भिंतीचा हा तुकडा भिडला की आत मायडी८८ या निरोप्या प्रथिनाचे रेणू मळसूत्री वळणाने एकावर एक चढतात. २०१० साली या रचनेचा स्फटिक तपासला, तेव्हा त्यात मायडी८८ चे सहा, वर आयरॅक४ या पुढच्या निरोप्याचे चार आणि त्यावर आयरॅक२ चे चार रेणू दिसले. निरोप आयकेके या एन्झाइमपर्यंत पोचतो, ते आयकॅपाबीवर फॉस्फेट लावतं, आयकॅपाबी मोडीत निघतं आणि त्याने अडकवून ठेवलेलं, जनुकं चालू करणारं एनएफ-कॅपाबी सुटून केंद्रकात घुसतं. तिथे गेल्यावर ते ज्या जनुकांना उठवतं, त्यांत आयकॅपाबीचं जनुकही असतं. सुटल्या सुटल्या स्वतःसाठी नव्या बेड्या घडवायला टाकणारा हा कैदी विरळाच.

म्हणून फक्त साठाव्या मिनिटाला पेशी फोडणाऱ्याला ‘काहीच झालं नाही’ असं वाटतं. ०, १५, ३०, ६० या वेळा हव्यातच. आणि घड्याळ उलटं लावावं: प्लेटमधल्या साठवाल्या खळग्यात एलपीएस आधी, मग तीसवाल्या, शेवटी पंधरावाल्या, म्हणजे सगळ्या पेशी एकदम बर्फावर येतात. लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट उडवणाऱ्या एन्झाइमांना रोखणारी रसायनं) ऐनवेळी घालायचे. फॉस्फो-अँटिबॉडी (फॉस्फेट लागलेलं प्रथिन ओळखणारी) वापरायची असेल तर ब्लॉकिंगला, म्हणजे ब्लॉटच्या पडद्यावरच्या मोकळ्या जागा झाकायला, दूध नको, बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घ्या. दुधातल्या केसिनवरच फॉस्फेट असतात, पडदा काळवंडतो आणि दोष बिचाऱ्या अँटिबॉडीला लागतो.

खरा संयम त्याआधीच्या आठवड्यात, उंदराच्या हाडातल्या मगजापासून मॅक्रोफेज वाढवताना लागतो. मांडीचं आणि नडगीचं हाड दोन्ही टोकांना कापून २५ गेजच्या सुईने मगज धुऊन काढायचा. हाड पांढरं दिसेपर्यंत थांबू नये, लाली आहे तोवर आत माल आहे. मगजातल्या पेशींना मॅक्रोफेज बनवणारं एम-सीएसएफ मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताजं मीडियम, सातव्या दिवशी मॅक्रोफेज तयार. वाढवायला साधी पेट्री डिश घ्यावी, टिश्यू कल्चरची नव्हे. त्या महागड्या प्लास्टिकला पेशी अशा चिकटतात की शेवटी खरवडाव्या लागतात, आणि खरवडलेल्या पेशी मरतात किंवा आधीच चवताळलेल्या असतात. साध्या डिशवरून थंड पीबीएस-ईडीटीए या क्षारद्रावणात दहा मिनिटांत सुटतात.

एलपीएसचंही एक नाटक असतं. साध्या बाटलीत लिपोप्रोटीनची भेसळ असते आणि ती टीएलआर२ या दुसऱ्याच संवेदकाला उठवते. सी३एच/एचईजे जातीच्या उंदराच्या टीएलआर४ मध्ये ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आहे, त्यामुळे तो एलपीएसला दाद देत नाही. ही गोष्ट १९९८ मध्ये उलगडली आणि ब्रूस बॉयटलर यांना २०११ च्या नोबेलपर्यंत घेऊन गेली. त्या उंदराच्या पेशींनी टीएनएफ हे दाहक प्रथिन ओतायला सुरुवात केली तर समजावं, बाटली अशुद्ध आहे.

मायडी८८ नॉकआउट (ते जनुक काढून टाकलेल्या) उंदराच्या पेशींना ही भेसळ कळत नाही, कारण टीएलआर२ चा निरोपही मायडी८८ कडूनच जातो. पण याच नॉकआउटमध्ये एलपीएस दिल्यावर पंधराव्या मिनिटाला भक्कम राहिलेली आयकॅपाबीची पट्टी पुढे ओसरते! ट्रिफ नावाच्या दुसऱ्या वाटेने निरोप पोचतो, फक्त उशिरा. एनएफ-कॅपाबी केंद्रकात जातंही, तरी टीएनएफ जेमतेमच. तरी उशिरा आलेला निरोप वाया जात नाही, त्याच्यावर पेशी इंटरफेरॉन-बीटा बनवते.

प्रयोगशाळेत मायडी८८ नसलेला उंदीर असंख्य जंतूंपुढे हात टेकतो. माणसाचं तसं नाही. मायडी८८ नसलेल्या मुलांना बऱ्याचशा विषाणूंचा विशेष त्रास होत नाही. त्यांचा जीव घेतात ते न्यूमोकोकस आणि स्टॅफिलोकोकससारखे जिवाणू, तेही मुख्यतः लहानपणी. मोठेपणी धोका ओसरतो. मात्र लहानपणी जिवाणू रक्तात पसरला तरी ताप बेताचाच येतो, किंवा उशिरा चढतो, सीआरपी हा रक्तातला दाहाचा निर्देशकही मागे रेंगाळतो. अशा मुलात नुसती शंका आली तरी अँटिबायोटिक लगेच सुरू करतात, तापाची वाट बघत नाहीत.