साखरझोपेच्या वेळी

पाळी नऊ ते पाचच होती. फक्त रात्री नऊ ते पहाटे पाच. सहकारी अचानक आजारी पडला, दुसरं कुणी मोकळं नव्हतं. 'एकाच रात्रीचा तर प्रश्न आहे,' असं म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? हो म्हटलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या जांभई आली. मी साडेदहाला आडवी होणारी बाई. अकरानंतर माझ्याशी कुणी बोललं, तर मी उत्तरं देते म्हणे, पण दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवत नाही.

तयारी मात्र जय्यत केली. संध्याकाळी साडेसातपर्यंत तासभर झोप काढायची, मग ताजंतवानं होऊन कामावर. साडेसहाला पडदे ओढले, डोळे मिटले. झोपेचं नाव नाही. या कुशीवरून त्या कुशीवर. मग उशीची थंड बाजू वर, मग पुन्हा तीच. आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, तशी झोपही लागते. व्याकरणानेच सांगून ठेवलंय की इथे आपलं काही चालत नाही. तरी आपण 'जरा झोप काढून घेते' असं म्हणतोच, जणू ती बँकेत ठेवलेली आहे.

नंतर कळलं की मी वेळच नेमकी चुकीची निवडली होती. रोजच्या झोपेच्या आधीचे काही तास शरीर उलट जास्तच टक्क जागं असतं. दिवसभराचा शीण वाढत असतो, म्हणून आतलं घड्याळही जागं राहण्याचा जोर वाढवत नेतं. झोपेवर संशोधन करणारे या वेळेला 'निषिद्ध पट्टा' म्हणतात. दुपारी एक ते तीनच्या सुमाराला मात्र तेच शरीर आपणहून सुस्तावतं. म्हणजे झोप फुकटात मिळत होती, तेव्हा मी कपाटाचा खालचा कप्पा आवरत बसले होते.

रात्री बारापर्यंत सगळं झकास. थोडी घमेंडही आली. लोक उगाच बाऊ करतात, असं वाटलं. पहिली कॉफी साडेअकराला झाली होती. दीडला मान पहिल्यांदा पुढे गेली आणि झटक्यात मागे आली. मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना.

शरीराच्या आतलं हे घड्याळ म्हणजे मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे 20 हजार पेशींचा एक इवलासा पुंजका. ते आपल्या म्हणण्याला किती भीक घालतं, हे बघायला 1938 साली नॅथनिएल क्लाइटमन नावाचा शास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्याला, ब्रूस रिचर्डसनला, घेऊन अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत 32 दिवस राहिला. ऊन नाही, सकाळ नाही, आणि दिवस ठरवला 28 तासांचा. विशीतल्या रिचर्डसनचं शरीर त्या लांब दिवसाशी जुळलं. 43 वर्षांच्या क्लाइटमनचं काही केल्या जुळेना. त्याच्या अंगातली ऊब गुहेच्या अंधारातही 24 तासांच्या तालावरच वरखाली होत राहिली. एक महिना देऊनही जे जमलं नाही, ते मी एका रात्रीत करायला निघाले होते. वयानेही मी क्लाइटमनच्याच बाजूची.

तीन वाजता दुसरी कॉफी घेतली. ही खरी चूक. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दट्ट्या वाढवतं. कॉफी ते घालवत नाही, नुसती त्याच्या खुर्च्या अडवून बसते. आणि ही पाहुणी लवकर उठणारी नव्हे. बऱ्याच जणांच्या अंगात पाच-एक तासांनीही निम्मी शिल्लक असते. तीनला घेतलेल्या कपातला अर्धा आठ वाजता माझ्याबरोबर अंथरुणात असणार होता.

चार वाजता थंडी वाजायला लागली. खोली तीच होती, पंखाही तेवढाच. पहाटे या सुमाराला शरीराचं तापमान दिवसातलं सर्वांत कमी असतं, त्याबरोबर लक्षही तळाला जातं. ज्या झोपेला आपण लाडाने साखरझोप म्हणतो, तिची हीच वेळ. मी एक ओळ चौथ्यांदा वाचली. प्रत्येक शब्द कळत होता, पण ओळ कळत नव्हती. डोळे चुरचुरत होते. मग बोट एका कळीवर विसावलं असावं, कारण पडद्यावर दीड ओळभर नुसते 'क' उमटले होते. ते पुसून टाकताना ठरवलं की आता कुठलाही आकडा दोनदा तपासल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. सलग 17 तास जागं राहिलं, की माणसाचं काम थोडी दारू प्यायल्यासारखं ढिलं पडतं, हे तपासून पाहिलेलं आहे. माझे 17 तास रात्री साडेअकरालाच भरले होते. म्हणून गाडीची किल्ली पिशवीतच ठेवली आणि टॅक्सी बोलावली. अख्ख्या रात्रीत मी घेतलेला हा एकच शहाणपणाचा निर्णय.

बाहेर उजाडत होतं. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांना चित्राशी घेणंदेणं नसतं. उजेड किती, एवढंच त्या मोजतात आणि घड्याळाला कळवतात. त्यांना काही कळू नये म्हणून पहाटे साडेपाचला काळा चष्मा लावून टॅक्सीत बसले. चालकाने आरशातून दोनदा पाहिलं.

घरी पडद्याच्या दोन पाखांत बोटभर फट राहते, हे इतक्या वर्षांत प्रथमच दिसलं. कपड्यांचे चिमटे लावून ती मिटवली. फोन मुका केला. सव्वासहाला डोळा लागला आणि नऊला खाडकन उघडला. एव्हाना अंग तापायला लागलेलं, घड्याळाच्या हिशेबी दिवस चांगला वर आलेला. थकवा तेवढाच होता, पण झोप उठून गेली होती. दुपारी दोनला मात्र शहाण्यासारखी 20 मिनिटं पडले, गजर लावून. त्याहून जास्त झोपले असते तर रात्रीचं खोबरं झालं असतं.

मग एकच काम उरलं, साडेदहापर्यंत तग धरायचा. सात वाजले, आठ वाजले. निषिद्ध पट्टा चालू होता, म्हणजे झोप येण्याचं कारण नव्हतं. पावणेनऊला पाय जरा वर घ्यावेत म्हणून पलंगाच्या कडेला टेकले आणि एक मोजा काढला.

सकाळी साडेसहाला जाग आली तेव्हा दुसरा पायातच होता.